अस्तर लावलेली बाही

३ मे

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी उजवा खांदा सध्या दुखतोय, तेवढा वगळून उरलेली सात अंगं तुझ्या पायाशी.

खांद्याचं तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. परवा विमान उतरवताना थोडं बाजूला गेलं. म्हणजे धावपट्टी सोडून गवतात. म्हणजे गवत संपतं तिथे पावसाचं पाणी जायला चर खणलाय ना, त्याच्यात. पण फक्त नाक. आणि तेही विमानाचं, माझं जागेवर आहे. पुढचा पंखा वाकलाय आणि उजव्या पंखाचं टोक खरवडून निघालंय, बाकी खरचटण्यापलीकडे काही नाही.

झालं असं, की दुपारपासून वारा सुटला होता, झोताझोताने येणारा. आमची धावपट्टी एकच. वारा समोरून आला तर आनंद, बाजूने आला तर विमान खेकड्यासारखं तिरकं चालवत आणावं लागतं. ते मला येतं, मी तर इथे येणाऱ्यांना तेच शिकवतो. तर मी वरून तुझ्या बाहीकडे पाहिलं. (उंच काठीवरच्या त्या वारा दाखवणाऱ्या कापडी नळीला सगळं जग विंडसॉक म्हणतं, पण तू शिवलीस म्हणून ती बाही, हे मला मान्य आहे.) ती शांत लोंबत होती, जेवून पडलेल्या माणसासारखी. म्हटलं चला, वारा दमला. विमान सरळच आणलं. चाकं टेकणार एवढ्यात डावीकडून असा सणसणीत झोत आला की डावा पंख वर, उजवा जमिनीला, आणि पुढचं सगळं मी नुसतं बघत होतो.

बरोबर एक पाहुणी होती, तिलाही काही झालं नाही.

आता आमचे कॅप्टनसाहेब, म्हणजे फ्लाइंग क्लबचे मुख्य, चौकशी करणार आहेत. नेहमीचीच रीत आहे. तोपर्यंत मला खाली बसवलंय. काळजी करू नकोस आणि फोन तर अजिबात करू नकोस.

तुझा, तूर्तास जमिनीवरचा,
टोळ

७ मे

चि. टोळोबास,

अनेक आशीर्वाद, कान धरून.

फोन करू नकोस म्हणे! मी कधी करते? फोनवर तू खोटं बोललास तर मला पटतं, तुझा आवाजच तसा आहे. कागदावर मात्र तुझं खोटं कुठे उसवलंय ते मला लगेच दिसतं.

'थोडं बाजूला' काय, 'फक्त नाक' काय! पडलो तरी नाक वर, एवढं तरी माणसं करतात. तू तेही चरात घातलंस. आणि वाऱ्याला बोल लावू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. लहानपणी छत्री उघडून दुकानाच्या छपरावरून उडी मारलीस तेव्हाही वाऱ्याचीच चूक होती. तेव्हापासून तू टोळ झालास, अक्कल मात्र अजून रांगतेय.

आता दुसरी गोष्ट. मागच्या झाडून सगळ्या पत्रांत तुझी ती रेडिओवाली असायची. वरच्या काचेच्या खोलीत बसून ती विमानांना वारा कसा सांगते, तिचा आवाज कसा थंड डोक्याचा आहे, ती चहात साखर कशी घेत नाही. या पत्रात ती औषधालाही नाही. तिच्या जागी 'एक पाहुणी' आली. बाबा रे, तुझी आई गेल्यापासून तुला वाढवला तो कापडाचे तुकडे जुळवून. हे दोन तुकडे मला जुळणार नाहीत? ती वर खोलीत नव्हतीच, तुझ्या शेजारी बसली होती. मग तुला वारा सांगणार कोण, मी इथून?

असो. दोघंही धडधाकट आहात ना, मग बोलणार नाही. (बोलून झालं.)

माझी बाही कशी आहे तेवढं कळव. तुमची आधीची होती तिच्या वर्षात चिंध्या झाल्या होत्या. कापड मलमलीसारखं, शिलाई एकेरी, वाऱ्याची झुळूक आली की थयथयाट. असलं काम मी हातून जाऊ देत नाही. चांगलं जाड कापड घेतलं, आतून अस्तर, शिवणीला दुहेरी टीप, आणि खालच्या घेराच्या दुमडीत पडद्याला घालते तशा शिशाच्या गोळ्या. म्हणून तर ती अशी झोकात पडते. तू लिहिलंस ना, शांत लोंबत होती? एवढ्या सणसणीत वाऱ्यात! याला म्हणतात हाताचा गुण. साहेबांना सांग, माझ्या दुकानातून अस्तराशिवाय आजवर रुमालसुद्धा बाहेर पडलेला नाही.

तुझी
मावशी

११ मे

ती. मावशीस,

सा. न.

तुझं पत्र विमानांच्या हँगरच्या मागे उभ्याने वाचलं आणि मग थोडा वेळ तिथेच खाली बसलो. खांदा दुखत होता म्हणून.

पाहुणीचं तू ओळखलंस. तुझ्यापुढे झाकून काय उपयोग? पण हे पत्र वाचून चुलीत घाल. ती कितीतरी वर्षं दुसऱ्यांना वारा सांगतेय, वर मात्र एकदाही गेलेली नव्हती. त्या दिवशी सगळी विमानं आत आली होती. मी म्हटलं, चल, एक चक्कर, कोण येतंय आता. खुर्ची सोडून जाणं म्हणजे नोकरीवर पाणी, आणि तिच्या घरी कमावणारी ती एकटीच. म्हणून मला लवकर उतरायची घाई होती. चरात नाक गेलं आणि पहिली बाहेर पडली ती. कुणी पोचायच्या आत मागच्या बाजूने लंगडत पळाली, जिना चढून खुर्चीत बसली आणि तिथून मलाच रेडिओवर विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी चरातून म्हटलं, "ठीक." तिला लागलेली धाप रेडिओवर ऐकू येत होती.

अहवाल उद्या द्यायचा आहे. मी लिहिणार आहे, की तिने वारा सांगितला होता, माझंच लक्ष नव्हतं.

बाही उत्तम आहे. सगळे कौतुक करतात. सहज विचारतो, त्या गोळ्या नंतर काढता येतात का? म्हणजे धुवायला वगैरे टाकायची झाली तर. आणि मागच्या पत्रात मी बाहीबद्दल काय लिहिलं ते विसरून जा. मी बहुतेक तिच्याकडे पाहिलंच नसेल. गडबडीत माणूस काहीही लिहितो.

तुझा
टोळ

१५ मे

कॅप्टनसाहेब यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही, पण आपल्या काठीवर माझी बाही आहे आणि आपल्या चरात माझा भाचा होता, तेव्हा अगदीच परके नाही आहोत.

भाच्याला बाहीबद्दल विचारलं तर तो धुण्याच्या गप्पा मारतो. जन्मात त्याने स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. माझ्या कामात खोट निघाली असणार आणि तो सांगायला लाजतोय, असा मला संशय आहे. रंग आवडला नाही? घेर कमी पडला? निःसंकोच कळवा. शिवलेलं परत घेऊन उसवायला मला कमीपणा वाटत नाही, न सांगता लोकांनी नाकं मुरडलेली मात्र खपत नाहीत.

तसंच पोराचं काय ठरलं तेही कळलं तर बरं. तो मला सगळं अर्धंमुर्धं सांगतो.

आपली,
टोळाची मावशी

१९ मे

आदरणीय बाई यांस,

सविनय नमस्कार. आपलं पत्र पावलं.

विंडसॉकबाबत आपला संशय निराधार आहे. इतकी देखणी शिलाई मी आजवर कुठल्या विमानतळावर पाहिली नाही. काठीवर ती मी स्वतः चढवली. हातात घेताच वजनदार लागली, मी सगळ्यांना म्हणालो, माल म्हणजे असा. आधीचा कपटा दिवसभर बेशिस्तपणे फडफडत असे. आपला कसा सावधान उभा राहिल्यासारखा असतो.

आपल्या भाच्याबद्दल मात्र असं लिहिता येत नाही. त्याने लेखी दिलंय, की रेडिओवरून वारा सांगितला होता तो त्याने ऐकला नाही, आणि उतरताना विंडसॉककडे पाहिलंही नाही. बाई, हातातून विमान निसटणं मी समजू शकतो. माझ्याही हातून निसटलंय. पण जो ऐकत नाही आणि बघतही नाही, त्याच्या शेजारी मी शिकाऊ पोरं बसवू शकत नाही. ज्याला ना कान ना डोळे, त्याला पंख कशाला? महिनाअखेरीस त्याला क्लबातून निरोप देण्याचं मनात आहे. मला वाईट वाटतं, कारण पोरगा मनाने चांगला आहे आणि उडतो सुरेख.

कळावे,
कॅप्टन

२३ मे

टोळा,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी ऐकून घे.

साहेबांचं पत्र आलं. तू म्हणे बाहीकडे पाहिलंच नाहीस. मला तर लिहिलंस की पाहिलं, शांत लोंबत होती, जेवून पडलेल्या माणसासारखी. जो इतकं बारीक सांगतो त्याने पाहिलेलं असतं. मग साहेबांना खोटं का सांगितलंस? दोन दिवस मी या कोड्याला टाके घालत होते. एकदा वाटलं, रेडिओवालीसाठी. पण तिचा आणि बाहीचा काय संबंध? आणि मग गोळ्या धुण्याचं आठवलं.

काल इथे वारा होता. मी उरलेल्या कापडाची छोटी बाही शिवली, अगदी तुमच्यासारखी, अस्तर, दुहेरी टीप, गोळ्या, सगळं. झाडूच्या दांड्याला बांधली आणि वर गच्चीत नेली. शेजारणीचं धुणं वाळत होतं. तिच्या नवऱ्याचे पायजमे दोरीवर आडवे झाले होते, चादर माझ्या तोंडावर येत होती, माझे केस उभे. आणि माझी बाही? पडद्यासारखी! किती सुबक पडली होती म्हणून सांगू! घडी ना सुरकुती. शेजारीण म्हणाली, "अय्या, ही उडत कशी नाही?" मी तिथे कट्ट्यावर बसले, टोळा, आणि मला रडू आलं.

वारा दाखवायचं ते एकच काम होतं तिचं, आणि मी ती वारा लागू नये अशी शिवली. वर तुला लिहिलं, याला म्हणतात हाताचा गुण. तू ते वाचून खाली बसलास, खांद्यामुळे नव्हे. तू चरात गेलास तो माझ्या गोळ्यांमुळे, आणि हे मला कळू नये म्हणून तू आंधळा व्हायला निघालास. गाढवा, मला न विचारता मला वाचवणारा तू कोण? उद्या माझं डोकं दुखतं म्हणून स्वतःचं कापून देशील. मी म्हातारी झाले असेन, काचेची नाही झाले. तुझे पंख गेले तर मी ती बाही कुठल्या तोंडाने आठवायची?

तेव्हा साहेबांना आजच लिहिलंय. सगळं. रेडिओवालीचं सोडून, ते तुमचं तुम्ही बघा. आणि त्यांना एक प्रयोग करून बघायला सांगितलाय.

आता आशीर्वाद, भरपूर.

मावशी

२७ मे

मावशी,

अगं काय केलंस! करायला गेलीस एक.

साहेब आज वारा सुटलेला बघून बाहेर पडले, काठीखाली जाऊन उभे राहिले आणि मान वर करून बघत बसले. डोक्यावर टोपी होती, मग नव्हती. टोपी धावपट्टीवरून पळाली, साहेब तिच्यामागे. आम्ही सगळे हँगरच्या दारात तोंडावर हात ठेवून उभे. इतका वेळ बाही मात्र जशीच्या तशी, सावधान.

टोपी घेऊन आले आणि सरळ मला बोलावलं. म्हणाले, "बाहीकडे पाहिलं नाही हे खोटं निघालं. मग रेडिओवर वारा ऐकला नाही हे तरी खरं कशावरून?" झाकली मूठ उघडायला लागली की बोटं एकेक करून उघडतात. त्यांनी वर काचेच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या बघतो."

मी तिला सांगितलं, काहीही झालं तरी तू बोलू नकोस, सगळं मी माझ्यावर घेतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं तू पाहतेस. म्हणाली, "तुझ्या मावशीला वाचवलंस, आता मला वाचवणार. तू उडायला शिकलास का बायकांना झाकायला?" आणि जिना चढून गेली. गुडघा अजून दुखतोय तिचा.

एवढंच. पुढचं उद्या.

टोळ

३० मे

आदरणीय बाई यांस,

सविनय नमस्कार. आपण सुचवलेला प्रयोग केला. टोपी चराच्या काठाशी सापडली. आपल्या भाच्यापेक्षा बरी उतरली होती.

चूक आपली एकटीची नाही, हे आधी लिहितो. ती जड आहे हे माझ्या हाताला कळलं होतं. हाताला कळलं आणि तोंडाने वाहवा केली. इतकी वर्षं आकाशात घालवून मला ते सुचलं नाही, तर पडदे शिवणाऱ्याला काय बोलावं? काठीवरून ती मी उतरवली आहे.

रेडिओखोलीतली मुलगी परवा स्वतः येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी विमानात होते. वारा सांगायला खोलीत कुणीच नव्हतं." तिला खुर्ची सोडल्याबद्दल समज दिली आणि खरं बोलल्याबद्दल खुर्चीवर ठेवली. खरं सांगायचं तर, वर्षानुवर्षं तिच्या आवाजावर विसंबून आम्ही सगळे उतरलो, आणि तिला कुणीही कधी वर नेलं नाही, हे मला त्या क्षणी समजलं.

भाच्याचं असं. बाही खोटं बोलली हे खरं. पण त्याला लवकर उतरायचं होतं आणि बाही म्हणाली, उतर. माणसाला हवं तेच कुणी सांगितलं की तो दुसरं काही बघत नाही. वर विमान बाजूला सरकत होतं ते त्याला अंगाने कळायला हवं होतं. तेव्हा निकाल राखून ठेवलाय. आपण नवी बाही पाठवा. ती चढली की पहिल्या वाऱ्याच्या दिवशी तो मला शेजारी बसवून याच धावपट्टीवर उतरण्याची परीक्षा देईल. जमलं तर राहील, नाही तर दुसरीकडे पोटापाण्याचं बघेल.

कळावे,
कॅप्टन

ता. क. टोपी उडू नये म्हणून काही करता येतं का?

५ जून

कॅप्टनसाहेब यांस,

नमस्कार. बाही सोबत पाठवत आहे. पातळ कापड, शिलाई एकेरी. अस्तर नाही. घेरात काहीही नाही, हवं तर चाचपून बघा. शिवताना हात दर थोड्या वेळाने अस्तराच्या गठ्ठ्याकडे जात होता, त्याला फटके मारून परत आणला. गच्चीत बांधून पाहिली. शेजारणीच्या पायजम्यांच्याही आधी उडते. वर्षात फाटेल. फाटू दे, दर वर्षी नवी शिवीन.

पोराची परीक्षा काटेकोर घ्या. दयामाया नको. (थोडी असू द्या.)

टोपीचं काम पत्राने होत नाही. डोकं बघावं लागतं.

आपली,
टोळाची मावशी

१४ जून

आदरणीय बाई यांस,

सविनय नमस्कार. परीक्षा काल झाली.

परीक्षेपुरता वारा होता म्हणून वर गेलो आणि तासाभरात तो भडकला, अगदी त्या दिवशीसारखा, डावीकडून, झोताझोताने. परतायला वळलो. रेडिओवर ती मुलगी वारा सांगत होती आणि दर वेळी आकडा वाढत होता. भाच्याने विमान तिरकं धरून सुरेख खाली आणलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. खाली नवी बाही काठीवर आडवी ताठ, इस्त्री केल्यासारखी, मध्येच फटकन दिशा बदलत होती. धावपट्टी अगदी चाकांखाली आली. मला वाटलं, टेकवतो. त्याने इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान परत वर नेलं.

दुसऱ्यांदा आलो. पुन्हा तेच.

मी म्हणालो, "परीक्षा उतरण्याची आहे. नाही उतरलास तर नापास. माहीत आहे ना?"

तो म्हणाला, "माहीत आहे, साहेब. पण मावशीची बाही नको म्हणतेय."

त्याने तिकडून विमान वळवलं ते शेजारच्या गावच्या मैदानावर नेलं, तिथली धावपट्टी वाऱ्याच्या तोंडाशी आहे. असा अलगद उतरला की मला चाकं टेकल्याचं कळलं नाही. तिथून आम्ही दोघं बसने परत आलो, उभ्याने, हातात हेडफोन घेऊन. लोक बघत होते. तो सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होता. आपण नापास झालो असंच त्याला वाटत होतं. मीही क्लबाच्या फाटकापर्यंत निकाल सांगितला नाही. विमान चरात घालणाऱ्याने थोडं सोसायला हवंच होतं.

उतरण्याच्या परीक्षेत उतरायला नकार दिला म्हणून पास केलेला हा माझ्या कारकिर्दीतला पहिलाच.

कळावे,
कॅप्टन

ता. क. डोकं दाखवायला कोणत्या वारी यावं?

२२ जून

चि. टोळोबास,

अनेक आशीर्वाद. साहेबांचं पत्र मी मशीन थांबवून वाचलं आणि मग गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. 'मावशीची बाही नको म्हणतेय' इथे आले की दर वेळी मी चष्मा पुसायला घेते, त्यामुळे ते वाक्य प्रत्येकीला स्वतःचं स्वतः वाचावं लागतं. पोरा, आयुष्यभर लोकांना घट्ट, मजबूत, न उडणारं शिवून दिलं. या एका पातळ, एकेरी, फाटक्या नशिबाच्या बाहीइतका अभिमान मला कशाचा वाटला नाही.

पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललास तर मात्र तंगड्या आखूड शिवीन.

रेडिओवालीला घेऊन ये. तिला थंडीचा कोट शिवायचा आहे, अस्तराचा. तिला उडायचं असेल तेव्हा काढून ठेवील.

बाकी इकडे विशेष काही नाही. काल दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, बारीकसंच काम होतं. चहा घेऊन गेलं.

तुझी
मावशी

२५ जून

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं शाबूत आहेत. कोटाचं माप सोबत आहे. ती म्हणते खिसे मोठे हवेत.

'एक गिऱ्हाईक'! मावशी, कागदावर तुझं खोटं कुठे उसवलंय ते मला लगेच दिसतं. साहेबांनी पाच दिवसांची रजा टाकली होती, कुठे जातो ते कुणाला सांगितलं नाही. आज परत आले. वारा सुटला होता. साहेब काठीखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून, शीळ घालत. बाही आडवी झाली, हँगरचं दार आपटलं, पण टोपी डोक्यावरून हलली नाही. हनुवटीखालून पट्टा आलाय.

मी जवळ जाऊन पाहिलं. पट्ट्याला अस्तर आहे. शिलाई दुहेरी.

तुझा
टोळ